घेणाऱ्याचा धर्म

दिवाळीपूर्वीचा आठवडा आला की आमच्या वाडीत दोन वास एकमेकांत मिसळतात. नागपूरच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वसलेले हे गाव ज्यांनी पाहिले असेल, त्यांना ठाऊकच आहे की येथे माणसांच्या घरांइतकीच मालाच्या गुदामांची आणि मालमोटारींच्या तळांची वस्ती दाट आहे. येथे दिवसरात्र माल उतरतो आणि माल चढतो. त्यामुळे डिझेलचा वास आम्हास बारमाही. परंतु आश्विन वद्यातल्या सायंकाळी त्या वासावर भाजणीचा, कढत्या तुपाचा आणि वेलदोड्याचा वास चढतो, आणि दूर देशीचा एखादा मोटारचालक चाकाशी उकिडवा बसल्या बसल्या मान वळवून आमच्या गल्लीकडे पाहतो. तो कशाची आठवण काढीत असेल हे त्यास विचारावे लागत नाही.

हल्ली या मालमोटारींतून तयार फराळाचे खोकेही येऊ लागले आहेत. चकली, चिवडा, अनारसे, करंज्या असे सारे काही छापील वेष्टनात मिळते. गेल्या दिवाळीपूर्वी माझी मुलगी पुण्याहून आली, आणि आईचे सुजलेले गुडघे पाहून म्हणाली, "या वर्षी सारे विकतच आणू." मी वर्तमानपत्रातून डोके न काढताच म्हणालो, "विकतच्यात काय असते? घरचे ते घरचे. त्यात करणाऱ्याचा जीव असतो." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "खरं आहे बाबा. मग या वर्षी तुम्ही करा न."

तिच्या बोलण्यात उपरोध असता तर मी रागावून मोकळा झालो असतो. पण तिने ते अगदी सरळपणे विचारले होते, आणि म्हणूनच मजला उत्तर सुचले नाही. तीस वर्षे महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसास स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर निरुत्तर व्हावे लागले, ही गोष्ट काही दिवस मनात सलत राहिली. त्या सलण्यातूनच पुढील विचार झाला आहे.

प्रश्न असा आहे. सणावारी आपल्या माणसांसाठी घरी, आपल्या हातांनी केलेल्या वस्तूस आपण विशेष मूल्य देतो. आजीने शिवलेले दुपटे, मावशीने विणलेली कुंची, आईच्या हातचा अनारसा यांस बाजारातील तशाच वस्तूपेक्षा आपण श्रेष्ठ मानतो. हे श्रेष्ठत्व कशाचे? वस्तूचे, श्रमांचे, की प्रेमाचे? आणि ते प्रेमाचे असेल, तर त्या प्रेमावर घेणाऱ्याचा हक्क कितपत पोहोचतो?

पहिले उत्तर सहज निकालात निघते. घरची वस्तू गुणानेच सरस असते, असे आपण म्हणतो खरे. पण ते नेहमीच खरे नसते. आमच्या गल्लीतल्या कित्येक घरच्या चकल्या दातांची परीक्षा पाहणाऱ्या असतात, आणि विकतची चकली पुष्कळदा खुसखुशीत निघते. तरीही आपण घरचीच चकली हौसेने पुढे करतो. अर्थात आपण जिला मान देतो ती केवळ चव नव्हे.

दुसरे उत्तर श्रमांचे. घरच्या वस्तूत कष्ट असतात, म्हणून ती मोलाची. या उत्तरात अधिक तथ्य दिसते. अनाऱशाचेच उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. मग ते निथळून, फडक्यावर सावलीत पसरून, अंगची ओल पुरती जाण्यापूर्वीच कुटायचे आणि चाळायचे. त्यात गूळ मिसळून, तुपाचा हात लावून, गोळे बांधून डब्यात ते काही दिवस मुरू द्यायचे. एवढे झाले म्हणजे तळणीचा दिवस. खसखशीवर एकेक अनारसा थापायचा, मंद आचेच्या तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवीत राहायचे. पीठ किंचित सैल झाले किंवा गूळ अधिक पडला तर अनारसा तुपात विरून जातो. आमच्या बायका म्हणतात, "अनारसा हसला." तो हसला म्हणजे आठ दिवसांची मेहनत कढईच्या तळाशी गेली, आणि करणारीच्या डोळ्यांत पाणी आले.

परंतु नुसते श्रम हेच मूल्य मानले तर एक विचित्र आपत्ती ओढवते. तसे असेल तर जितके कष्ट अधिक तितके प्रेम अधिक असे म्हणावे लागेल, आणि आपल्या माणसाचे कष्ट कमी करणारा मनुष्य प्रेमाचा वैरी ठरेल. येथे गांधीजींच्या एका संवादाची आठवण होते. हस्तोद्योगाचा त्यांच्याइतका कट्टर पुरस्कर्ता दुसरा कोण? आमच्या नागपूरपासून फारशा दूर नसलेल्या सेवाग्रामास १९३६ मध्ये ते येऊन राहिले, ते खेड्यांतल्या हातांना काम मिळावे याच ध्यासाने. पण १९२४ साली शांतिनिकेतनातील रामचंद्रन् या विद्यार्थ्याने यंत्रांविषयी छेडले असता त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीस हाताने टाके घालताना शिणलेली पाहून केवळ तिच्यावरील प्रेमामुळे सिंगरने ते यंत्र काढले, असा त्यांचा समज होता.

इतिहास या समजास दुजोरा देत नाही. सिंगरने १८५१ मध्ये आपल्या यंत्राचा हक्क नोंदविला तो पैशाच्या ओढीने. आणि घरसंसाराशी निष्ठा राखणारा पुरुष म्हणून त्याची ख्याती मुळीच नव्हती. पण कथा चुकीची असली तरी तीत गोविलेला सिद्धान्त बरोबर आहे, असे मला वाटते. पत्नीच्या हाताच्या टाक्यांत जसे प्रेम असू शकते, तसेच ते टाके तिच्या हातून काढून घेण्यातही असू शकते. नव्हे, 'तिच्या हातच्या टाक्यांना तोड नाही' असे म्हणत नुसते बसून राहणाऱ्या पतीच्या रसिकतेपेक्षा यंत्र आणणाऱ्या पतीचे प्रेम अधिक खरे मानावे लागेल.

तेव्हा श्रम हे प्रेमाचे माप नव्हे. फार तर ते त्याचे एक चिन्ह. आता तिसरे उत्तर उरते. घरची वस्तू मोलाची, कारण ती भेट असते. बाजारची वस्तू ही देवघेव असते. ॲडम स्मिथने १७७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सांगून ठेवले आहे की, खाटीक, मद्य गाळणारा आणि पाववाला यांच्या परोपकारबुद्धीमुळे आपणास जेवण मिळत नाही. त्यांना स्वतःचे हित कळते म्हणून मिळते. हे विधान मी कित्येक वर्षे वर्गात समजावून सांगितले. त्यावरचा एक साधा प्रश्न स्वीडिश लेखिका कात्रिन मार्साल यांनी २०१२ च्या आपल्या पुस्तकात विचारला, आणि तो मला कधीच सुचला नव्हता, याची लाज वाटली. पाववाल्याकडून पाव आला. पण स्मिथच्या ताटात जेवण वाढले कोणी? स्मिथ आजन्म अविवाहित राहिला. त्याचे घर त्याची आई सांभाळीत असे. १७८४ मध्ये ती वारली तेव्हा तो साठीचा झाला होता. स्वहिताच्या सूत्राने साऱ्या बाजाराचा उलगडा करणाऱ्या पंडिताच्या स्वतःच्या जेवणाचा उलगडा त्या सूत्राने होत नव्हता.

म्हणजे घरात काहीतरी वेगळे चालते हे निश्चित. पण ते वेगळे म्हणजे शुद्ध, निरपेक्ष दान, असे म्हणून थांबता येत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस याने १९२५ मध्ये दानावरील आपल्या निबंधात दाखविले की, जगातल्या अनेक समाजांत भेट ही वाटते तितकी मोकळी नसते. देणे हे बंधन, घेणे हे बंधन, आणि परत करणे हेही बंधन. महाराष्ट्रीय वाचकास यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपला आहेर काय सांगतो? लग्नघरी कोणी काय दिले याची वही ठेवली जाते, आणि त्यांच्या घरी कार्य निघाले की तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, आहेर फिरतो. दिवाळीत शेजारीण रुमालाखाली झाकून फराळाचे ताट पाठविते. ते ताट कोणीही रिकामे परत करीत नाही. घरात काही नसले तर चिमूटभर साखर तरी त्यावर घालायची, ही रीत आम्ही लहानपणी न शिकविता शिकलो.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, परतीचा हा नियम घराघरांमध्ये आहे. घराच्या आत नाही. शेजारणीचे ताट आपण एक दिवसही रिकामे परत करीत नाही, आणि आईचे मात्र जन्मभर रिकामेच परत करतो. तिने वाढले, आपण जेवलो, ताट मोरीत गेले. तेथे परत करण्याजोगे काही आहे, असे आपणास वाटतच नाही, कारण तिचे देणे हे देणे म्हणून आपल्या दृष्टीस पडत नाही. हवेसारखे ते सभोवार असते.

ते केव्हा दिसते? बहुधा माणूस गेल्यावर. आमच्या दारावरून जाणाऱ्या महामार्गावर अपघात नित्याचे आहेत, आणि अपघातात गृहिणी दगावली म्हणजे न्यायालयास भरपाई ठरविताना तिचे उत्पन्न किती धरावे, असा प्रश्न पडतो. जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या खटल्यात, रस्त्यावरील अपघातात मृत्यू पावलेल्या एका दांपत्याच्या वारसांची भरपाई वाढविली. त्या वेळी न्यायमूर्ती रमणा यांनी आपल्या स्वतंत्र मतात गृहिणीच्या कामाचे मोल मान्य करण्याची निकड सविस्तर मांडली, आणि २०१९ च्या सरकारी वेळ-पाहणीचा आधार घेतला. त्या पाहणीप्रमाणे घरातले बिनमोल काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात, पुरुष ९७. ही ९७ मिनिटेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचीच. सर्व पुरुषांची नव्हेत. हे आकडे मी वाचले तेव्हा त्यांत माझा समावेश नाही हे मला कळले. कारण मी त्या वेळी हात लावणाऱ्यांत मोडत नव्हतो.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, हे सारे मिनिटांचे आणि रुपयांचे मोजमाप घरात आणणे म्हणजे बाजारालाच घरात घेणे होय. प्रेम हिशेब ठेवीत नाही. आईने कधी मिनिटे मोजली का? आक्षेप वजनदार आहे, आणि मी तो अर्धा मान्य करतो. देणाऱ्याने हिशेब ठेवू नये, हे खरेच. पण देणारा हिशेब ठेवीत नाही म्हणून घेणाऱ्याने काही लक्षातही ठेवू नये, असे त्यातून निघत नाही. देणाऱ्याचा मोठेपणा हा घेणाऱ्याच्या विसराळूपणाचा परवाना होऊ शकत नाही.

गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद केले आहेत. परतफेडीची अपेक्षा न धरता, द्यावयाचे म्हणून दिलेले ते सात्त्विक. फळावर दृष्टी ठेवून अथवा मनाला क्लेश देऊन दिलेले ते राजस. ही वर्गवारी देणाऱ्याच्या मनाकडे पाहून केलेली आहे. मी आजवर तिचा विचार देणाऱ्याच्याच बाजूने करीत आलो. पण घेणारा आपल्या वागण्याने दानाचा प्रकारच पालटू शकतो, इकडे माझे लक्ष गेले नव्हते. जी वस्तू हौसेने दिली गेली असती, तीच 'हवीच' म्हणून धरून बसल्याने क्लेशाने दिली जाते. घेणारा भेटीची वेठ करून टाकतो. वेठीला धरणारा पूर्वी जमीनदार असे, सरकारी अंमलदार असे. तो मुलगाही असू शकतो, हे मला फार उशिरा कळले. ते कसे कळले, तेच आता सांगतो.

माझे बालपण काटोल तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. आठ-नऊ वर्षांचा असताना एका दिवाळीत मी पाहुण्यांसमोर म्हणालो की, आमच्या आईसारखे अनारसे साऱ्या गावात कोणास येत नाहीत. आई त्या दिवशी फार सुखावली. तेव्हापासून पुढे पंचेचाळीस वर्षे, एकही दिवाळी न चुकता, तिने माझ्यासाठी अनारसे केले. आम्ही वाडीस घर बांधले, ती आमच्याकडे राहावयास आली, तिच्या बोटांची पेरे संधिवाताने वाकडी झाली, तरी अनारसे झाले. मी दरवर्षी पहिला अनारसा तोंडात टाकून "वा!" म्हणत असे, आणि पुत्रधर्म पार पडला असे मानीत असे.

तिला जाऊन आता चार वर्षे झाली. ती गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी पत्नीपाशी अनाऱशांची आठवण काढली. तेव्हा ती म्हणाली, "शेवटल्या वर्षी त्या रात्री अकरापर्यंत चुलीपुढे होत्या. दोन घाणे हसले. मी म्हटले, राहू द्या आता, विकतचे ठेवू. तर रडू आवरून म्हणाल्या, 'नाही ग बाई, त्याला वाटेल मला झेपत नाही आता.'" मी त्या वेळी घरातच होतो. मधली एक भिंत सोडली तर त्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर, परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपाशीत बसलो होतो.

आईने ते अनारसे प्रेमाने केले नाहीत, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे तिचा अपमान होईल. पण त्या प्रेमाला मी एकदाही मोकळीक दिली नाही. 'आई, यंदा नको' हे तीन शब्द मी बोललो असतो तर कदाचित तिने तरीही केले असते. पण मग ते तिने आपण होऊन दिलेले ठरले असते. मी न बोलल्यामुळे ते देणे झाले नाही, फेडणे झाले. एका लहान मुलाच्या कौतुकाचे कर्ज तिने पंचेचाळीस हप्त्यांनी फेडले.

आता दुसरा, आणि माझ्या मते अधिक खोल, आक्षेप. कोणी म्हणेल, "तुमच्या या विचाराने स्त्रियांच्या हातचे कौशल्यच तुम्ही बुडवाल. त्यांना हे करण्यात आनंद असतो, अभिमान असतो. त्यांच्या हातून सुई आणि झारा काढून घेणे हाही एक जुलूमच." हे अगदी खरे आहे. आणि याचाही पुरावा माझ्याच घरी आहे. तो माळ्यावर होता.

आई दुपारी गोधड्या शिवीत असे. त्या शिव असे तिला कोणी सांगितले नव्हते. दोन प्रहरची झाकपाक झाली की ओसरीवर जुने लुगडे अंथरायचे, त्यावर धोतराचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे नीट बसवायचे, वर दुसरे लुगडे घालायचे, आणि कडेपासून धावदोरा घालीत घालीत आत यायचे. शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुई घेऊन येत. एकीचा टाका संपे तेथे दुसरीचा सुरू होई, आणि बोलणेही तसेच एकीचे दुसरी उचली. कोणता तुकडा कोठे लावायचा यावर वाद चालत. हिरव्यापाशी लाल नको, लालापाशी पिवळा हवा. अनाऱशाच्या वेळी तिच्या कपाळी जी आठी असे ती तेथे कधी दिसली नाही. तेथे तिला चुकण्याची भीती नव्हती, वेळेची सक्ती नव्हती, आणि रंगांची निवड सर्वस्वी तिची होती.

अशा कामाची थोरवी जगाने अलीकडे मान्य केली आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची एक वस्ती आहे. तेथल्या गरीब स्त्रिया थंडी निवारण्यासाठी कामाच्या विटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. त्यांपैकी मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये, वारलेल्या पतीच्या शेतकामाच्या कपड्यांची एक गोधडी शिवली, ती त्याची आठवण म्हणून पांघरून झोपण्यासाठी. २००२ साली या वस्तीतल्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर टांगल्या गेल्या आणि कलासमीक्षकांनी त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. आईने वडिलांच्या मागे त्यांच्या धोतरांची गोधडी शिवली तेव्हा तिने अलाबामाचे नावही ऐकलेले नव्हते. पण मिसूरीबाई काय करीत होती हे तिला सांगावे लागले नसते.

ही गोधडी तिने माझी मुलगी झाली तेव्हा मला दिली. मधोमध वडिलांचे धोतर, कडेला तिचे अंजिरी लुगडे, आणि एका कोपऱ्यात माझ्या शाळेतल्या खाकी चड्डीचा तुकडा. आम्ही ती काही वर्षे वापरली. पुढे घर नवे झाले, पलंग आले, दुकानातून मऊ रजया आल्या, आणि महाविद्यालयातले सहकारी घरी येऊ लागले. एके दिवशी मी ती घडी करून माळ्यावर टाकली. आई खालून पाहत होती. ती काही बोलली नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे माझा दोष मला स्वच्छ दिसतो. जे तिला जड जात होते त्याचा मी आग्रह धरला, आणि जे तिने न मागता, आनंदाने दिले ते नाकारले. अनाऱशाचे कौतुक चार लोकांत होत असे, म्हणून ते मला हवे होते. गोधडीची चार लोकांत लाज वाटे, म्हणून ती नको होती. दोन्ही वेळी माझी दृष्टी तिच्याकडे नसून लोकांकडे होती. 'घरचे ते घरचे' हे जे मी मोठ्या भक्तिभावाने म्हणत होतो, त्यात घरची माणसे नव्हतीच.

तात्पर्य, घरच्या वस्तूचे मोल केवळ वस्तूत नाही, श्रमांत नाही, आणि देणाऱ्याच्या प्रेमातही पूर्णपणे नाही. देणाऱ्यास नाही म्हणण्याची मुभा होती, आणि घेणाऱ्याने ते डोळे उघडे ठेवून घेतले, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे. यांपैकी पहिली गोष्टही पुष्कळ अंशी घेणाऱ्याच्याच हाती असते. दात्याच्या गुणांविषयी आपण फार बोललो. घेणाऱ्याच्या धर्माविषयी फार थोडे.

मग विकत आणावे की न आणावे? मला वाटते, नीतीच्या दृष्टीने हा प्रश्न दुय्यम आहे. विकतच्या फराळामागेही कोणाचे तरी हात असतात, आणि पुष्कळदा ते बायकांचेच असतात. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास आरंभ केला. त्यातूनच लिज्जत पापडाची प्रचंड सहकारी संस्था उभी राहिली. जे कौशल्य घरात बिनमोल होते त्यास तेथे दाम मिळाला, आणि दामामुळे ते हलके झाले नाही. घरात ज्याचे आभारही मानले जात नव्हते त्याची मजुरी बाजाराने दिली, असे म्हणण्याची पाळी यावी, ही घराला भूषणावह गोष्ट नव्हे. ज्याला विकत घ्यायचे त्याने अवश्य घ्यावे. त्यात प्रेमाची हानी नाही. आणि ज्याला घरचे हवे, त्याने ते घरचे म्हणजे सगळ्या घराचे करावे.

असो. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मला शब्दांनी देता आले नाही, म्हणून हातांनी देण्याचा प्रयत्न केला. अनारसे करण्याइतकी माझी योग्यता नव्हती. पण आमच्याकडे जुनी रीत आहे की, मैदा, तूप आणि पिठीसाखर घरून न्यायची आणि पाववाल्याच्या भट्टीतून आपल्यासमोर नानकटाई भाजून आणायची. लहानपणी पत्र्यांवर नजर ठेवावयास मला तेथे बसवीत, आणि दुसऱ्याच कोणाच्या पत्र्यातली गरम नानकटाई हाती पडण्याची मी वाट पाहत असे. गेल्या दिवाळीत छप्पन्नाव्या वर्षी मी पुन्हा तेथे गेलो. पीठ मळणाऱ्याने तूप कमी पडल्याचे सांगितले, तेव्हा धावत घरी येऊन आणखी तूप नेले. रांगेत चार तास गेले. माझ्याखेरीज त्या रांगेत बायका आणि पोरेच होती. नानकटाई किंचित करपली. घरी आणल्यावर पत्नीने एक उचलली, तिचे बूड पाहिले, आणि काही न बोलता खाल्ली. मग चहाचा पेला माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पाय दुखत असतील."

मुलीने माळ्यावरून गोधडी काढून उन्हात टाकली होती. खाकी तुकड्याची एक बाजू उसवली होती. मी सुईत दोरा ओवण्यास बसलो. तो ओवण्यास पाव घटका लागली, आणि मी घातलेले टाके आईच्या टाक्यांशेजारी ओळखू येतात, इतके ते वाकडे आहेत. या थंडीत आम्ही ती गोधडी पांघरतो. आईचे ताट मी जन्मभर रिकामे परत केले. आता ते परत घेण्यास ती नाही. पण घरात ताटे वाढणारी माणसे अजून आहेत, आणि चिमूटभर साखर ठेवण्यास उशीर झालेला नाही. माझे सोडा, वाचकांनी आपापल्या घरचा माळा एकदा पाहावा, एवढीच विनंती.